खांदा आणि शिंग : शाहपूरचे दोन सण

इंदूरहून इच्छापूरकडे जाणारा रस्ता बुऱ्हाणपूर ओलांडून महाराष्ट्राच्या हद्दीला भिडण्याआधी शाहपुरातून जातो. कारभार मध्य प्रदेशाचा, पण घरातली बोली, सणवार आणि सोयरीक बरीचशी खानदेशाकडची. पोळा तोच, दिवसही तोच. मात्र मराठी पंचांगात ती श्रावणाची अमावास्या, आणि शेजारच्या हिंदी पंचांगात भाद्रपदाची. या गावाला जनावरांचे दोन सण आहेत. एक बैलांचा पोळा. दुसरा दिवाळीच्या मागेपुढे लागणारा हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, टकरींचा. हिंदीत त्यांना पाड्यांच्या टकरी म्हणतात आणि त्या पाहायला हद्दीपलीकडचीही माणसं येतात. गावोगावच्या प्रथांबद्दल लिहिणारे हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात आणि वर चिठ्ठी लावतात : मुक्या जनावरांबद्दलची कृतज्ञता. मला हे गाठोडं सोडावंसं वाटतं. जनावराच्या नावाने होणाऱ्या सणात दोन वेगळे व्यवहार असतात. एक जनावराशी असतो, दुसरा जनावराला पुढे करून माणसामाणसांत होतो. बुऱ्हाणपूरच्या आसपासचा गेल्या चारशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दुसरा व्यवहार पहिल्यापेक्षा चिवट निघालेला दिसतो.

पोळ्यातच हे दोन्ही व्यवहार शेजारी शेजारी पाहायला मिळतात, फक्त त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. जू बसून बसून बैलाच्या खांद्यावर कातडं जाड झालेलं असतं, कुठे केस गेलेले असतात, कुठे जुन्या जखमेचा चट्टा असतो. त्या जागी कोमट पाण्याचा शेक द्यायचा, मग तूप किंवा लोणी आणि हळद तळव्याने जिरवायची. हे काम गोठ्यात होतं. मालक, सालदार, घरातली एखादी बाई, एवढीच माणसं तिथे असतात. ना वाजंत्री, ना बघे. दुसऱ्या दिवशी बैल धुतले जातात, शिंगं रंगतात, बेगड चिकटवतात, नवी वेसण, नवी म्होरकी, पाठीवर झूल, आणि जोड्या वेशीजवळ तोरणाखाली उभ्या राहतात. आता सगळं गाव हजर असतं आणि प्रश्न एकच असतो : पुढे कुणाचे बैल? मानाची जोडी निघाल्याशिवाय पोळा फुटत नाही. हा क्रम बैलाच्या वयावर, ताकदीवर किंवा त्याने किती एकर नांगरले यावर ठरत नाही. तो मालकाच्या हुद्द्यावर ठरतो.

हे माझं अनुमान नव्हे. मराठी वतनाच्या कागदांत ते लखलखीत लिहिलेलं आहे. पाटिलकीच्या भांडणांचे महजर आणि पाटिलकी विकल्याची खतं वाचताना हक्क आणि मानपान यांची लांबलचक यादी लागते. त्यात होळीची पोळी असते, टिळा-विडा असतो, दसऱ्याचा आपटा असतो आणि पोळ्याचे बैलही असतात. निम्मी पाटिलकी दुसऱ्याला दिली तर पुढच्या पोळ्याला कुणाचे बैल आधी, कुणाचे मागून, की दोघांचे बरोबरीने, हे खतात नमूद करावं लागे, कारण तिथे झालेली चूक म्हणजे वतनालाच आव्हान. अशा कागदांत बैलाच्या खांद्याबद्दल एक अक्षर नसतं. खांद्याबद्दल भांडण होण्यासारखं काही नव्हतंच. इतिहासाच्या साधनांचा हा दोष लक्षात ठेवायला हवा : भांडण होतं त्याचा कागद होतो, आणि माया केली जाते तिचा होत नाही. म्हणून जुन्या कागदांवरून पोळा हा निव्वळ मानापमानाचा सण होता असं म्हणणंही चूकच. एवढंच म्हणता येतं की सणाचा चव्हाट्यावरचा अर्धा भाग मानासाठी होता आणि त्या मानाला कायद्याचं पाठबळ होतं.

पाटलाच्या वेशीवर जे चाले तेच मोठ्या प्रमाणावर बुऱ्हाणपूरच्या दरबारात चालत होतं. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला, खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य संपलं आणि बुऱ्हाणपूर ही मुघलांच्या दख्खनेची राजधानी झाली. तापीपलीकडे जैनाबादेत आहुखाना, म्हणजे हरणांचा शाही शिकारबाग होता. १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात मुमताज महल वारली तेव्हा आग्ऱ्याला नेईपर्यंत तिला त्याच परिसरात दफन केलं होतं. शहराच्या घाटासमोर नदीच्या पात्रात खडक कोरून केलेला हत्ती आजही उभा आहे. हरीण आणि हत्ती, दोन्ही राजाच्या मानाची जनावरं. हत्तींची झुंज लावणं हा तर बादशहाचा खास अधिकार होता. जहांगीरने राज्यावर आल्यानंतर काही वर्षांनी सरहद्दीवरच्या अमिरांना ताकीद दिली की त्यांनी झरोक्यात बसू नये, हत्तींच्या झुंजी लावू नयेत. या यादीतल्या गोष्टी राजचिन्हं आहेत. हत्तीला इजा होते ही त्यामागची काळजी नव्हती. सुभेदाराने बादशहासारखं वागू नये ही होती. बुऱ्हाणपूर त्या वेळी दख्खनच्या सरहद्दीचंच ठाणं होतं, तेव्हा हा हुकूम इथल्या मंडळींना चांगलाच लागू होता.

याच शहराला प्रत्यक्षात जगवणारं जनावर मात्र वेगळं होतं. सुरत ते आग्रा हा व्यापाराचा रस्ता बुऱ्हाणपूरवरून जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात असल्याचं लिहून ठेवलं आहे. ते कापड आणि सैन्याचं धान्य बैलांच्या पाठीवरून जाई. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या अखेरीस दुष्काळातून याच वाटेने निघाला. पुढे उत्तरेतल्या प्रवासात त्याला बंजाऱ्यांचे तांडे भेटले. एका तांड्यात १४,००० बैल धान्याने लादलेले होते असं तो नोंदवतो. सैन्य पोसायला हत्ती नाही, हे बैल लागत. तरी त्यांचं दरबारी समारंभात नावही नाही. ज्याच्या कामावाचून चालत नाही त्या जनावराला मान मिळतोच असं नाही, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधायला दूर जायला नको.

आता हेला. त्याची गोष्ट बैलाच्या अगदी उलट आहे. काळ्या जमिनीत, खानदेशच्या उन्हात नांगराला रेडा फारसा धरला जात नाही. त्याला उष्णता सोसत नाही, पाण्यात डुंबल्याशिवाय त्याचं भागत नाही. त्याच्या वाट्याला आली ती पखाल. गावोगाव पाणी वाहणारा रेडा मराठी बोलण्यात इतका मुरलेला आहे की दुखणं हाल्याला आणि डाग पखालीला ही म्हण अजून रोज वापरली जाते. उरलेल्यांच्या नशिबी दसऱ्याचा बळी किंवा मरीआईचा. पुराणात तो यमाचं वाहन, आणि ज्ञानेश्वरांच्या कथेत वेद बोलायला त्यालाच निवडलं ते तो सगळ्यांत खालचा मानला जाई म्हणूनच. त्या कथेचा सगळा जोर त्यावर आहे. अशा जनावराला वर्षभर सरकी-ढेप आणि दूध घालून पोसायचं, तेलाने अंग चकचकीत करायचं, शिंगं तासायची, पहिलवानासारखं नाव द्यायचं आणि दिवाळीत मैदानात उतरवायचं. दोन हेले डोकं खाली घालून एकमेकांना भिडतात, शिंगात शिंग अडकतं, मान पिळली जाते, आणि मग एक जण अचानक पाठ फिरवून गर्दीच्या दिशेने पळत सुटतो. निकाल लागला. जिंकणाऱ्या हेल्याबरोबर त्याच्या मालकाचं नाव घेतलं जातं, आणि बहुतेक वेळा त्याच्या गावाचं. इथे खांदेमळणीच नाही. आभार मानावेत असं काम या हेल्याने वर्षभरात केलेलंच नसतं. उलट त्याच्यासाठी इतरांनी काम केलेलं असतं.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की टक्कर ही गवळ्यांची, दूधवाल्यांची प्रथा. कळपाला दणकट वळू कोणता हे ठरवायचा तो जुना मार्ग. रानात नर भिडतात आणि जिंकतो त्याला माद्या मिळतात, हे खरंच. पण दुधाच्या धंद्यात वळूची पारख शिंगावरून होत नाही. त्याची आई किती दूध देत होती आणि त्याच्या मुली किती देतात, यावर जाणता गवळी वळू ठरवतो. मानेची ताकद आणि कासेतलं दूध यांचा संबंध लावता येत नाही. शिवाय दावणीला बांधलेल्या म्हशीसाठी नर मालकच निवडतो, हेले आपसात ठरवत नाहीत. पैदाशीची सोय हा या प्रथेचा उगम असेलही; आज ती तिच्यावर चालत नाही, आणि कृत्रिम रेतनाच्या काळात तर चालूच शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे : मानाला एवढं पुढे आणलं तर मातीच्या बैलांचं काय करणार? पोळ्याला ज्यांच्या दारी जनावर नाही अशी घरं मातीचे बैल आणून पाटावर मांडतात, त्यांना नैवेद्य दाखवतात. तिथे ना मिरवणूक, ना क्रम, ना बघे. मग ही निव्वळ कृतज्ञताच नाही का? आहे, आणि हे मला मान्य करावं लागतं. पण हा बैल चालत नाही, म्हणून तो वेशीवर जात नाही, म्हणून त्याच्यावरून भांडणही होत नाही. तो खांदेमळणीच्या बाजूचा आहे, तोरणाच्या बाजूचा नाही. माझ्या मुद्द्याला तो छेद देत नाही. दोन व्यवहार वेगळे काढता येतात एवढंच दाखवतो. पाटावरच्या मातीच्या बैलाला हळद लावणारं घर गेल्या वर्षी विकलेल्या जोडीची आठवण काढत असेल, किंवा ज्याच्या शेतात मजुरी केली त्याच्या बैलांची.

दोन व्यवहार असे वेगळे काढले की अलीकडचा बदल नीट वाचता येतो. शाहपूर-बुऱ्हाणपूरचा हा पट्टा केळीचा आहे. केळीच्या बागेत पहिल्या काही महिन्यांत दोन ओळींमधून वखर फिरवता येतो; पानं एकमेकांना भिडली की बैल आत शिरूच शकत नाही, आणि घड कापून बाहेर काढायचं काम माणसांच्या डोक्यावरून होतं. नांगरटीला ट्रॅक्टर आला, मालवाहतुकीला ट्रक आला. लाल अंगावर पांढरे ठिपके असलेली निमाडी जात या भागाची ओळख होती, पण जोडी बाळगणं आता खर्चाचं काम झालं आहे. देशभरात गोवंशातल्या नरांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.८ कोटी होती, २०१९ मध्ये ती सुमारे ४.७ कोटींवर आली. सात वर्षांत जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. ज्या खांद्यावर जू नाही त्याची मळणी कशाला करायची? हा विधी आधी विसरला जातो, आणि कुणी तो बंद पाडला असंही म्हणता येत नाही. मिरवणूक मात्र टिकते. बैल भाड्याने आणता येतो, चार जोड्यांवरही तोरण उभं करता येतं, पुढे कुणी जायचं हा वाद पाटिलकी गेल्यावरही राहू शकतो. फक्त पाटलाच्या जागी दुसरा कुणी वजनदार माणूस येतो. आणि हेल्याला तर शेतीतल्या बदलाचा धक्काच बसत नाही, कारण तो शेतीवर कधीच उभा नव्हता. केळीचा पैसा हाती आला की हेला पोसणं उलट सोपं होतं.

टकरींच्या बाजूने आता परंपरेचा दाखला दिला जातो आणि तो देताना बैलगाडा शर्यतींकडे बोट दाखवतात. इथे जरा सावध राहायला हवं. प्राणिक्लेश प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्याने जनावरांना झुंजीला लावणं हा गुन्हा ठरवला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. त्यानंतर तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राने आपापल्या दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. त्या निकालात मध्य प्रदेश नाही. महाराष्ट्राची दुरुस्तीही शर्यतीपुरती आहे, टकरीची नाही. तेव्हा शाहपूरची टक्कर कायद्याच्या नजरेत हद्दीच्या अलीकडेही झुंजच आहे आणि पलीकडेही. हद्दीपलीकडून शर्यतीचा निकाल उसना आणून ती वाचणार नाही.

मजा अशी की बुऱ्हाणपूरच्या मुलखाला जनावरांच्या झुंजींवरची बंदी नवी नाही. जहांगीरची ताकीद आणि १९६० चा कायदा दोन्ही झुंज लावू नका असंच सांगतात. जहांगीरला चिंता होती झुंज कोण लावतो याची. कायद्याला आहे ती कुणाला लागतं याची. टकरीचे आयोजक परंपरा म्हणतात तेव्हा अजून पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात : हेला अमक्याचा, गाव तमकं, इतक्या वर्षांचा मान. दुसऱ्या प्रश्नाला या उत्तरात जागाच नाही. खांदेमळणीच्या संध्याकाळी मात्र हाच दुसरा प्रश्न गोठ्यात विचारला जात होता, बैलाच्या खांद्यावर हात फिरवून, कुठे दुखतंय ते चाचपत. टकरींचं समर्थन करायचं तर हेल्याच्या मानेवरून तसा हात फिरवण्याची एखादी जुनी रीत या सणात होती का, ते आयोजकांनी दाखवावं. ती सापडली तर वाद नव्याने मांडता येईल.