बॅलेट बटणाची कुळकथा

2024 च्या लोकसभा निवडणुकीत वर्धा मतदारसंघात 24 उमेदवार उभे होते. ‘नोटा’ धरून नावे झाली 25 आणि मतदानयंत्राच्या एका बॅलेट युनिटवर बटणे 16. त्यामुळे आर्वी-हिंगणघाटपासून मोर्शीपर्यंत प्रत्येक केंद्रावर दोन युनिटे एकमेकांना जोडावी लागली. बटण कोणत्या युनिटवर दाबले गेले, हे अधिकाऱ्याजवळच्या कंट्रोल युनिटला कळावे म्हणून प्रत्येक युनिटमधल्या स्विचवर त्याचा क्रमांक आधीच हाताने लावतात. दुसऱ्या युनिटचे नववे बटण म्हणजे ‘नोटा’, हा हिशेब त्यावरच चालतो. एका मुख्य यंत्राला अनेक उपकरणे जोडायची तर प्रत्येकाला पत्ता हवा, हे इलेक्ट्रॉनिक्समधले जुनेच शहाणपण. फिलिप्स कंपनीने 1982 च्या सुमारास टीव्ही संचांसाठी आणलेली दोन तारांची ‘आय-टू-सी’ पद्धत याच तत्त्वावर चालते. तिथेही काही चिप्सचा पत्ता पिना जोडून ठरवता येतो. 1982 मध्येच, 19 मे रोजी, केरळातल्या परवूरमध्ये 50 केंद्रांवर मतदानयंत्र पहिल्यांदा वापरले गेले. हा निव्वळ योगायोग.

पत्त्याची युक्ती इलेक्ट्रॉनिक्सची असली, तरी या यंत्राचा मुख्य नियम कागदी मतपत्रिकेच्या घराण्यातला आहे, असे माझे मत आहे. पूर्वी अधिकारी मतदाराला एकच मतपत्रिका देई; आज तो कंट्रोल युनिटवरचे ‘बॅलेट’ बटण दाबतो. मग बॅलेट युनिटवर हिरवा दिवा लागतो, एक मत नोंदले जाते, बीप वाजतो आणि युनिट पुन्हा मुके होते. यावर कुणी म्हणेल, मुख्य यंत्राने विचारावे आणि उपकरणाने उत्तर द्यावे हे कुठल्याही सर्किट बोर्डावर घडते, त्यात मतपत्रिकेचा काय संबंध? पण संगणकाच्या कीबोर्डवर कळ केव्हाही दाबा, ती नोंदली जाते. इथे परवानगीआधीचे दाबणे मोजलेच जात नाही. ही गरज विजेच्या मंडलाची नव्हे, एका मतदाराला एकच मत या नियमाची आहे.

दुसरा आक्षेप जड आहे: सगळा अधिकार एकाच डब्यात एकवटला, तर त्या डब्यावर लक्ष कोणाचे? नव्या एम-3 यंत्रांत युनिटे आधी एकमेकांची ओळख पटवतात. त्याने परका डबा अडतो, मोजणी बरोबर झाली हे सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही युनिटांमधल्या तारेच्या वाटेत मताची चिठ्ठी छापणारे व्हीव्हीपॅट बसवले. काचेआडून चिठ्ठी सात सेकंद दिसते. पण चिठ्ठी मोजली तरच तिला अर्थ. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. वर्ध्यात सहा क्षेत्रे, म्हणजे 30 केंद्रे. सगळ्याच चिठ्ठ्या यंत्रांशी ताडून पाहण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली ती 26 एप्रिल 2024 रोजी, वर्ध्यात मतदान होते त्याच दिवशी.