कर्नल बदलला, ड्रायव्हर पुन्हा घडवा

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात आणि प्रिंटर, वाय-फाय यांच्याशी बोलणाऱ्या त्याच्या दुभाष्याला ड्रायव्हर. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं, तेव्हा नवा दुभाष्या हवा असेल तर अख्खा कर्नलच पुन्हा कम्पाइल करावा लागे. पुढे मॉड्यूल आले. आता ड्रायव्हर वेगळा कम्पाइल करून चालू कर्नलमध्ये घालता येऊ लागला.

अट एकच: तो त्याच कर्नलच्या हेडर फायलींवर बांधलेला हवा. आम्हा शिक्षकांना हे लगेच कळेल. पाठ्यपुस्तक बदललं की जुनं गाइड कामाचं नसतं. म्हणूनच डेल कंपनीने २००३ मध्ये 'डीकेएमएस' आणलं. कर्नल बदलला की ते मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधतं.

पण बांधायला सोर्स कोड हाती हवा. १९८० च्या सुमारास एमआयटीत रिचर्ड स्टॉलमनना झेरॉक्सच्या प्रिंटरचा कोड मिळाला नाही. अशा अनुभवांतूनच त्यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. डॉसचा जमाना सरला, कार्डही मागे पडलं.

पिंपळगाव राजासारख्या गावात यंत्र जुनं होतं, नवं लवकर येत नाही. कंपनीने हात वर केले तरी कोड खुला असेल, तर आपली मुलं ड्रायव्हर पुन्हा घडवू शकतात. म्हणून मला वाटतं, उर्दू-मराठी टायपिंगबरोबर त्यांना 'मेक' ही आज्ञाही शिकवावी. इल्म कुलपात राहिलं, की यंत्र भंगारात जातं.