चितारआळी, सावंतवाडी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी शहरातील लाकडी खेळण्यांची वसाहत व बाजारपेठ. मोती तलावापासून जवळच असलेल्या या आळीला चितारी समाजावरून नाव मिळाले. घरातच कारखाना आणि पुढे दुकान, ही येथील जुनी रीत. काम घरोघर वाटलेले असते आणि मुलांना ते शिकवण्यापेक्षा सवयीनेच येते.

लाकडी फळे ही येथील खरी ओळख. त्यांसाठी हलके, मऊ पांगाऱ्याचे लाकूड लागते. ओंडका वाळवून कोरतात, घासून गुळगुळीत करतात, वर पांढरा थर देऊन रंगवतात. आंब्याच्या देठाकडची लाली किंवा काजूच्या बोंडाखाली लटकलेली बी पाहताना कारागिराची नजर कळते. निव्वळ रंगाच्या चकचकाटाने हा परिणाम साधत नाही. पाट, पोळपाट, भोवरे व भातुकलीही बनतात. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग बसतो.

याच चिताऱ्यांकडे गंजिफा म्हणजे खेळायचे पत्ते रंगवण्याची कला होती. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराची 12 याप्रमाणे 120 गोल पाने असतात. ही कला लुप्त होऊ लागली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेतली व राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली. लाकडी खेळणी आणि गंजिफा या दोहोंना भौगोलिक मानांकन लाभले आहे. स्वस्त प्लॅस्टिकची स्पर्धा मात्र कायम आहे.