लिनक्स कर्नल, स्वबांधणीचे : लॅपटॉपमधील दोषनिदान

लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स कर्नलचा, म्हणजे हार्डवेअर व प्रोग्रॅम यांना जोडणाऱ्या मध्यवर्ती भागाचा, सोर्स कोड खुला असल्याने ते आपल्या लॅपटॉपपुरते निवडक घटकांसह नव्याने बांधता येते; मात्र बांधणीत एखादा ड्रायव्हर, म्हणजे विशिष्ट उपकरण चालवणारा भाग, वगळला गेल्यास वायफाय किंवा टचपॅड सुस्थितीत असूनही बंद राहतो. म्हणून निदानाची सर्वांत उपयुक्त पायरी म्हणजे ग्रब या प्रारंभ-यादीतून जुने कर्नल चालवून पाहणे; त्यात उपकरण चालले, तर दोष बहुधा नव्या बांधणीत असतो, आणि दोन्हींत बंद राहिले, तर हार्डवेअरचा संशय बळावतो. जुने कर्नल पुसून टाकणे त्यामुळेच घातक ठरते. ‘डीमेसेज’ ही आज्ञा कर्नलचे संदेश दाखवते व न सापडलेल्या फर्मवेअरचे, म्हणजे उपकरणात भरावयाच्या प्रोग्रॅमचे, नाव त्यांत अनेकदा मिळते. दोषाचे कारण उष्णताही असू शकते: बीडसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान 40° से.च्या वर जाते, तेव्हा पंख्यात धूळ साचलेला लॅपटॉप तापून मंदावतो वा अचानक बंद पडतो. कर्नलची बांधणी प्रोसेसरवर दीर्घकाळ पूर्ण भार टाकत असल्याने हा दोष नेमका त्याच वेळी उघड होतो आणि चुकीने नव्या कर्नलच्या माथी मारला जातो.