सेकंद किती, आणि बैल कुणाच्या दावणीचा? खालिद जमीलचा हिशोब

आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण सुरुवात थापलिंगच्या घाटातून करू.

पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यात नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते. जुन्नर-आंबेगावची निम्मी पोरं तिथं बैलगाडे बघायला असतात. गाडा सुटतो, घड्याळ चालू होतं, काही सेकंदांत खेळ संपतो. भोंग्यावर सेकंद पुकारले जातात. पण घाटाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं सेकंद ऐकून गप्प बसत नाहीत. ती विचारतात, "बैल कुणाचा? इकत घेतलाय का घरच्या दावणीचा?" लाखो रुपये मोजून आणलेला बैल आणि गोठ्यात वाढवलेलं वासरू यांचे सेकंद सारखे आले, तर त्यांच्या हिशोबात ते सारखे नसतात.

फुटबॉलच्या कोचबद्दल बोलताना आपण नेमका हाच प्रश्न विसरतो. गुणतक्ता उघडतो, वरचा तो भारी, खालचा तो बेकार. मीही हेच करायचो. आणि ज्या माणसाबद्दल मी सगळ्यात जास्त चुकलो, त्याचं नाव खालिद जमील.

थोडं मागे जाऊ. 2007 साली राष्ट्रीय लीगचं रूप बदलून आय-लीग सुरू झाली. त्याच वर्षी आपल्याकडे दोन नवे क्लब निघाले, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. पुणे एफसी 2009-10 ला वरच्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा. 2012-13 ला दुसरा. कोच होते गोव्याचे डेरिक परेरा. मी तेव्हा शाळेत होतो. मामासोबत मंचरहून बालेवाडीला मॅच बघायला जायचो आणि आपला क्लब आता मोठा झाला असं ठामपणे समजायचो.

मुंबई एफसीची मात्र आम्ही टिंगल करायचो. 2009 मध्ये दुखापतींमुळे खेळणं थांबवून खालिद तिथंच कोच झाला. त्याची टीम मागे दाटी करून बसायची, एखादा गोल मारायची, बरोबरी घेऊन घरी जायची. पुढची सात वर्षं हेच. कधी मधोमध, कधी तळाच्या जवळ. मी म्हणायचो, "याला जिंकायचंच नाही."

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट ही, की सात हंगामांत ती टीम एकदाही खालच्या विभागात घसरली नाही. समोर कोण होतं? कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. गोव्यात धेंपो आणि साळगावकर, दोघांच्याही मागे बड्या उद्योगपती घराण्यांचा पैसा. या सगळ्यांच्या तुलनेत मुंबई एफसीचा खर्च हात राखून होता. अशा टीमनं टिकून राहणं हाच निकाल असतो. पण त्यासाठी कुणी ट्रॉफी देत नाही.

2016 मध्ये खालिद आणि मुंबई एफसी वेगळे झाले. आता पुढचा भाग लक्ष देऊन ऐका.

मिझोरमचा ऐझॉल एफसी 2015-16 च्या हंगामात नऊपैकी आठवा आला आणि खाली घसरला. मग गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी लीगमधून अंग काढून घेतलं. जागा रिकाम्या झाल्या, म्हणून ऐझॉलला परत घेतलं. खालिद तिथं कोच म्हणून गेला. मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहताही त्या टीममध्ये आले. बाकी बरीचशी मिझोरमची पोरं आणि मोजके परदेशी खेळाडू.

22 एप्रिल 2017. ऐझॉलनं घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी 1-1 बरोबरी केली. ऐझॉल 37 गुण, मोहन बागान 36. मागच्या वर्षी घसरलेला क्लब देशाचा चॅम्पियन!

आणि त्याच हंगामात शेवटचा कोण आला? मुंबई एफसी. टीम खाली घसरली आणि मग क्लबच बंद पडला.

कोच किती कामाचा होता हे कधीकधी तो गेल्यावर कळतं. आमच्या कामात सर्व्हर नीट चालू असला की तो सांभाळणाऱ्याची कुणाला आठवण येत नाही. बंद पडला की पहिला फोन त्यालाच जातो.

पण थांबा. इथं गोष्ट संपवली तर खालिदला देव करून टाकू, आणि तीही चूकच. पुढच्याच वर्षी तो ईस्ट बंगालला गेला. मोठा क्लब, मोठा गर्दीचा धबाबा. चौथा आला आणि बाहेर पडला. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेड हंगामाच्या मधे त्याच्या हाती आली, त्यानं ती सेमीफायनलला नेली. दुसऱ्या वर्षी तीच टीम अकरापैकी दहावी. माणूस तोच. म्हणजे एका हंगामावरून कुणालाच मोजू नये, चांगल्याही नाही आणि वाईटही नाही.

इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीनं क्लॉडिओ रानिएरी यांच्याबाबत काय केलं आठवा. मे 2016 मध्ये लीग जिंकली, फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांना काढलं. सॉकरनॉमिक्स पुस्तकाचे लेखक सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांचं म्हणणं असं, की बरीच वर्षं एकत्र धरली तर क्लबचा क्रमांक बहुतांशी खेळाडूंच्या पगारावरून ठरतो. मग कोचसाठी उरतं काय? पगारानुसार जिथं यायला हवं होतं आणि प्रत्यक्षात जिथं आले, त्यातलं अंतर. तेही पाच-सात हंगामांचं.

मग श्रीमंत क्लबचा कोच चांगला असूच शकत नाही का? असतो की. धेंपोचे आर्मांदो कोलासो बघा. 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं. पैसा होता, कबूल. पण साळगावकर आणि कोलकात्याच्या क्लबांकडेही होता. पाच वेळा जिंकला तो धेंपोच. तुलना बरोबरीच्यांशी केली की श्रीमंतांमधला हुशारही दिसतो.

आता क्लबच्या मोठेपणाचं. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली, कोच हेच डेरिक परेरा. 2010 मध्ये कंपनीनं टीम बंद केली. माझा पुणे एफसी 2015 मध्ये संपला. डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर लीगमध्ये दिसला नाही. एफसी पुणे सिटी 2017-18 ला सेमीफायनल खेळला आणि 2019 मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. चार वर्षांत एका शहरातले तीन क्लब! तिन्ही वेळी आपण म्हणत होतो, पैसेवाला मालक आलाय, आता क्लब मोठा होणार.

उलट कोल्हापूर. तिथले संघ तालमी आणि तरुण मंडळांचे, पेठेतल्या लोकांचे. मागे कुठली मोठी कंपनी नाही, राष्ट्रीय ट्रॉफीही नाही. पण पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं. तो क्लब बंद करायचा निर्णय कुठल्याच बोर्ड मीटिंगमध्ये होऊ शकत नाही. ऐझॉलही 1984 पासून आहे, आणि चॅम्पियन झाल्यावरही तो लहान बजेटचाच राहिला. मालक गेला तरी उद्या मॅच होईल का, एवढंच मी आता क्लबचं मोठेपण मोजायला विचारतो.

1 ऑगस्ट 2025 रोजी खालिद जमील भारतीय संघाचा कोच झाला. आता तर हिशोब अजून कठीण, कारण देशाच्या संघाला खेळाडू विकत घेताच येत नाहीत. सगळेच बैल घरच्या दावणीचे. दोन मॅच हरला की मोबाइलवर "याला काढा" सुरू होतं. टीका जरूर करा, मीही करतो. फक्त आधी घाटाच्या कडेच्या म्हाताऱ्यांसारखं विचारा, हातात काय होतं, आणि किती वर्षं दिली होती?

बालेवाडीचं माझं एक जुनं तिकीट अजून पाकिटात आहे. त्यावरच्या क्लबचं नाव आता कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. ज्या कोचची मी तेव्हा टिंगल करायचो, तो आज देशाचा संघ चालवतोय. भेटू पुढच्या भागात.