पुढचे किती मीटर?

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर हिवाळ्यात एक शब्द सारखा कानावर येतो, 'जिफुबुकी'. 'जि' म्हणजे जमीन आणि 'फुबुकी' म्हणजे हिमवादळ. आभाळातून कणही पडत नसतो, पण आधीच साचलेला पिठासारखा कोरडा बर्फ वारा उचलतो आणि रस्ता, शेत, आभाळ सगळे एकाच पांढऱ्या रंगात बुडते. अशा वेळी 'आज बर्फ किती पडेल?' याचे उत्तर गाडी चालवणाऱ्याच्या फारसे कामाचे नसते. त्याला हवे असते वेगळेच: पुढचे किती मीटर दिसतील?

पहिले उपाय रस्त्याच्या कडेलाच झाले. वाहता बर्फ अडवायला कुंपणे आली. खांबांवरून खाली रोखलेले लाल-पांढरे बाण आले. रस्ता बर्फाखाली गेला तरी त्याची कड कुठे आहे, हे ते दाखवतात. पण बाणही दिसेनासा झाला तर? १७ मार्च १९९२ रोजी होक्काइदोतल्याच चितोसे शहराजवळच्या द्रुतगती मार्गावर १८६ वाहने एकमेकांवर आदळली आणि दोघांचा जीव गेला.

म्हणजे कडेचे उपाय पुरत नाहीत, किती दिसेल याचा अंदाज आधीच हवा. पण अंदाज बांधायचा तर 'दिसणे' आधी मोजता यायला हवे. हे काम १९७०च्या दशकातच मासाओ ताकेउची यांच्यासारख्या संशोधकांनी हाती घेतले होते. किती दूरचे दिसेल, हे हवेत बर्फ किती आहे एवढ्यावरच ठरत नाही. तेवढाच बर्फ वाऱ्याने वेगात धावू लागला, की कणांच्या रेघा होतात आणि दिसणे आणखी आखडते. उंचीचाही फरक पडतो. उडता बर्फ जमिनीलगत दाट असतो, म्हणून ट्रकवाल्याला जे दिसते ते मोटारवाल्याला दिसेलच असे नाही. शिवाय ऊन लागून पुन्हा गोठलेला बर्फ सहजी उडत नाही. तेव्हा वारा, तापमान आणि हिमवर्षाव यांच्या आकड्यांतून दिसण्याचे अंतर काढायचे, तर बर्फाचा कालचा इतिहासही लक्षात घ्यावा लागतो.

या गणिताच्या आधारे साप्पोरोतल्या शीतप्रदेश स्थापत्य संशोधन संस्थेने फेब्रुवारी २०१३ मध्ये चालकांसाठी पुढच्या २४ तासांचे अंदाज द्यायला सुरुवात केली. पायऱ्या पाचच: १०० मीटरपेक्षा कमी, २००पर्यंत, ५००पर्यंत, १०००पर्यंत आणि त्यापुढे. मिलिमीटर नाहीत, सेंटिमीटर नाहीत. काचेतून पाहणाऱ्या डोळ्याचेच माप.

जेमतेम महिना गेला आणि २ व ३ मार्चच्या हिमवादळाने होक्काइदोत नऊ माणसे नेली. काही जण बर्फात रुतलेल्या गाडीतच गेले, तर काही गाडी सोडून चालू लागल्यावर. एकदा त्या पांढऱ्या काळोखात शिरल्यावर '१०० मीटरपेक्षा कमी' हे कुणी सांगावे लागत नाही. तो आकडा कामाचा असतो तो आदल्या रात्री, उद्या निघायचे की नाही हे घरात ठरत असताना.