जुन्या खुणा मोडीत काढायच्या का?

मंडळी, परवा कपाट आवरताना २००३ च्या दिवाळी अंकाची सीडी सापडली. मी तेव्हा ज्या साप्ताहिकात होतो, तिथली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांच्या आठवणी मी त्यात घेतल्या होत्या. छापील अंक वाळवीने खाल्ला. सीडी चालते, पण फाइल उघडेना. कशीबशी उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी!

आता गंमत बघा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न प्रयोगशाळेत केलेल्या पहिल्या वेब पानाची १९९२ ची प्रत आज माझ्या मोबाईलवर सहज उघडते.

त्याचं मूळ १९६९ मध्ये आहे. आयबीएमचे गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी वकिली कागदपत्रांसाठी काम करत होते. तोवर मजकुरात बहुतेक 'हे ठळक कर, हे मध्ये घे' अशा यंत्राला सूचना असत. हे म्हणाले, हे शीर्षक, हा परिच्छेद, एवढंच साध्या अक्षरांत लिहा. दिसायचं कसं ते नंतर बघू. नाव पडलं जीएमएल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही तीच! १९८६ मध्ये त्यातून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. बर्नर्स-लींनी त्याच घराण्यातल्या खुणा उचलून एचटीएमएल केलं.

१९९८ मध्ये एसजीएमएलला कात्री लावून एक्सएमएल आलं. २००० मध्ये एक्सएचटीएमएल, म्हणजे एचटीएमएलचं सोवळ्यातलं रूप. नियम कडक पाळला तर एक खूण बंद करायची राहिली की ब्राउझर अख्खं पान नाकारणार. माणसं असं लिहितात होय? त्याच्या पुढच्या आवृत्तीचं काम २००९ मध्ये गुंडाळलं गेलं. २०१४ मध्ये मानक झालेल्या एचटीएमएल ५ ने जुन्या गचाळ पानांनाही सांभाळून घेतलं. एक्सएमएलही कुठे गेलं नाही. ई-पुस्तकांत आणि वर्डच्या फायलींत तेच बसलंय.

एसजीएमएल आज कुणी नव्याने शिकावं असं मी म्हणणार नाही. पण त्यात ठेवलेला मजकूर साधी अक्षरं असल्याने वाचता येतो, नव्यात नेता येतो. मराठीला युनिकोडही हवं होतं, ते वेगळं दुखणं.

आपल्या नगरपालिकेचे ठराव आजही फोटो काढून वेबसाइटवर टाकतात. त्यात एक शब्द शोधून दाखवा!

असो. कुणाकडे त्या काळचा, जुन्या मराठी फॉन्टसह चालू कॉम्प्युटर असेल तर कळवा. त्या बायांपैकी आता कुणीच राहिलेलं नाही.